ध्वनिमार्गांची नोंद : उपकरणवृक्षात की कर्नेलच्या ड्रायव्हरात?

१. प्रश्नाचे स्वरूप

लिनक्स कर्नेलवर चालणारे एखादे लहान यंत्र घ्यावे. मग ते टॅब्लेट असो, मोटारीतील ध्वनियंत्र असो वा प्रयोगशाळेतील विकास-बोर्ड असो. त्यातील मायक्रोफोन कोणत्या पिनेला जोडलेला आहे आणि स्पीकर कोणत्या पिनेवरून चालतो, ही माहिती कोठे तरी लिहून ठेवावी लागते. यूएसबीने जोडलेले उपकरण आपली ओळख आपणच सांगते. परंतु बोर्डावरील तांब्याची रेघ मुकी असते. ती कोठून निघाली व कोठे पोहोचली हे बोर्ड रेखाटणाऱ्यालाच ठाऊक असते, आणि त्याने ते सांगितल्याखेरीज कर्नेलला कळण्याचा दुसरा उपाय नाही.

ही माहिती लिहिण्याच्या दोन जागा आहेत. एक म्हणजे सी भाषेत लिहिलेला कर्नेलचा ड्रायव्हर. दुसरी म्हणजे 'डिव्हाइस ट्री', ज्याला प्रस्तुत लेखात आपण 'उपकरणवृक्ष' असे म्हणू. ड्रायव्हर हा कर्नेलचा अंशभूत असतो. उपकरणवृक्ष हा कर्नेलहून वेगळा असा माहितीचा संच असून यंत्र सुरू होताना बूटलोडर तो कर्नेलच्या हाती देतो. या दोहोंपैकी कोणती जागा योग्य, हा प्रश्न पहिल्या दृष्टीस केवळ सोयीचा वाटतो. वस्तुतः तो वस्तुस्थिती, वर्तन आणि निवड या तीन गोष्टींमधील सीमारेषा कोठे आखावी, असा प्रश्न आहे. ही रेषा चुकीच्या ठिकाणी आखली गेल्यास तिचे परिणाम वर्षानुवर्षे भोगावे लागतात, असे दाखविण्याचा येथे उद्देश आहे.

२. मार्ग म्हणजे काय, व तो कशासाठी लागतो

प्रथम कर्नेलमधील व्यवस्थेचा थोडक्यात परिचय करून घेणे अवश्य आहे. लहान यंत्रांतील ध्वनीसाठी 'एएसओसी' या नावाने ओळखला जाणारा स्तर २००७ साली कर्नेलच्या २.६.२१ या आवृत्तीत समाविष्ट झाला. या स्तरात ध्वनीचे काम तीन प्रकारच्या ड्रायव्हरांमध्ये वाटून दिलेले असते. पहिला मुख्य चिपेच्या बाजूचा; ध्वनीच्या संख्या तारेवर पाठविणे व तारेवरून घेणे हे त्याचे काम. दुसरा कोडेकचा, कोडेक म्हणजे त्या संख्यांचे विद्युद्दाबात व विद्युद्दाबाचे संख्यांत रूपांतर करणारी चिप. तिसरा 'मशीन ड्रायव्हर'. या दोहोंची विशिष्ट बोर्डावर गाठ कशी घातली आहे हे सांगणारा. प्रस्तुत वाद प्रामुख्याने या तिसऱ्याविषयी आहे.

एएसओसी स्तरामध्ये 'डीएपीएम' नावाची एक यंत्रणा आहे. ध्वनिसंबंधी प्रत्येक भागाला चालू असताना जेवढी गरज तेवढीच वीज द्यावी, हे तिचे कार्य होय. ती सर्व यंत्राकडे एक आलेख म्हणून पाहते. मायक्रोफोन, प्रवर्धक, मिश्रक, रूपांतरक, हेडफोनची खोबण हे या आलेखातील बिंदू. त्यांना जोडणारे मार्ग या त्यातील रेषा. एखाद्या उगमापासून एखाद्या अंतापर्यंत अखंड मार्ग आढळला, तरच त्या मार्गावरील भागांना वीज मिळते. मार्ग मध्येच तुटला असेल तर ते भाग निजलेले राहतात.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. येथील मार्गांचा तक्ता हा केवळ वर्णनपर दस्तऐवज नव्हे. त्यावर विजेचा पुरवठा अवलंबून असतो. तक्त्यात एखादी रेषा राहून गेली, तर तांब्याची तार शाबूत असूनही ध्वनी उमटत नाही. उलट, ज्या पिनेला काहीही जोडलेले नाही ती पिन जोडलेली आहे असा समज राहिला, तर तिच्यामागील भाग कारण नसताना चालू राहून विद्युत्घटाची शक्ती व्यर्थ खर्च होते. म्हणूनच 'या बोर्डाचे सर्व मार्ग येथे दिलेले आहेत. ज्या पिनांचा उल्लेख नाही त्या रिकाम्या समजाव्यात' असे सांगणारी एक खूणही एएसओसीमध्ये ठेवलेली आहे.

या चुकांचे निदानही सोपे नाही. तक्त्यातील नाव लिहिताना चुकले, तर त्या नावाचा बिंदू सापडत नाही अशी तक्रार कर्नेल नोंदविते. परंतु नाव बरोबर आणि पिन मात्र भलतीच, असे घडले तर तक्रार करण्यास कोणालाच जागा राहत नाही. ध्वनिमुद्रणाचा आदेश स्वीकारला जातो, संख्या येत राहतात, संचिका तयार होते. तिच्यात केवळ शांतता असते. कर्नेलच्या दृष्टीने सर्व काही यथास्थित पार पडलेले असते. बोर्डाचे रेखाचित्र हाती नसलेल्या माणसाने ही चूक शोधावी तरी कशी? तेव्हा हा तक्ता कोठे असावा, तो कोणाला वाचता यावा व कोणाला दुरुस्त करता यावा, या प्रश्नाचे महत्त्व उघड आहे.

३. तीन भूमी

ध्वनिमार्गाविषयी बोलताना तीन भिन्न गोष्टी एकाच शब्दात गुंडाळल्या जातात. त्या वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत.

पहिली, कोडेकच्या पोटातील मार्ग. अमुक पिनेवरून आलेला संकेत कोणत्या प्रवर्धकातून कोणत्या रूपांतरकाकडे जातो हे चिप बनविणाऱ्याने ठरविलेले असते. ती चिप कोणत्याही बोर्डावर बसविली तरी त्यात फरक पडत नाही. दुसरी, बोर्डावरील मार्ग. कोडेकच्या पिनेपासून खोबणीपर्यंत वा स्पीकरपर्यंत गेलेली तार बोर्ड रेखाटणाऱ्याने ठरविलेली असते. बोर्ड बदलला की ती बदलते. तिसरी, या घटकेला चालू असलेला मार्ग. गाणे स्पीकरवर वाजवावे की हेडफोनवर, बोलणे आतील मायक्रोफोनने घ्यावे की बाहेरील, हे वापरणाऱ्याच्या क्षणोक्षणीच्या इच्छेवर अवलंबून असते.

पाटाच्या पाण्याची उपमा येथे लागू पडेल. पाट कोठून कोठे खोदला आहे ही जमिनीवरील वस्तुस्थिती होय. ती नकाशावर काढता येते. आज कोणाच्या शेताचे दार उघडावयाचे हे पाटकऱ्याचे काम. ते नकाशात लिहून चालत नाही. आणि दाराचे फळे कसे उचलले जाते, हे दार घडविणाऱ्याचे ज्ञान.

यांपैकी पहिली गोष्ट कोडेकच्या ड्रायव्हरात असावी व तिसरी कर्नेलच्या बाहेर, म्हणजे मिश्रक-नियंत्रणे चालविणाऱ्या कार्यक्रमांत व आल्साच्या 'यूसीएम' सारख्या वापर-प्रसंगांच्या संचिकांत असावी, याविषयी फारसे दुमत नाही. मतभेद आहे तो दुसऱ्या गोष्टीविषयी.

४. ड्रायव्हरातील तक्ता : एक उदाहरण

बोर्डावरील मार्ग ड्रायव्हरात लिहिण्याची रीत जुनी आहे. तिचे गुणदोष प्रत्यक्ष उदाहरणावरून चांगले समजतात. एनव्हीडियाच्या टेग्रा-२० या चिपेवर आधारलेले हार्मनी, सीबोर्ड, केन आणि एबल असे चार बोर्ड होते. चारही बोर्डांवर वुल्फसन कंपनीचा डब्ल्यूएम-८९०३ हा एकच कोडेक बसविलेला होता, व २०११ साली चौघांसाठी कर्नेलमध्ये एकच मशीन ड्रायव्हर होता.

कोडेक एक असला तरी तारा एक नव्हत्या. बाहेरील मायक्रोफोनची तार हार्मनीवर कोडेकच्या आयएन१एल या पिनेकडे जात असे. सीबोर्डवर ती आयएन१आर कडे, तर केनवर आयएन२आर कडे जाई. आतील स्पीकर पहिल्या तिन्ही बोर्डांवर कोडेकच्या स्पीकरसाठी राखलेल्या चार पिनांना जोडलेला होता. एबलवर मात्र तो लाइनआउटच्या दोन पिनांवरून चालविला जाई. परिणामी त्या एका ड्रायव्हरात मार्गांचे चार निरनिराळे तक्ते लिहिलेले होते, आणि 'यंत्र हार्मनी असेल तर हा, सीबोर्ड असेल तर तो' अशी पृच्छा करून त्यांतील एक निवडला जात असे.

हे तक्ते चुकीचे नव्हते. प्रत्येक बोर्डावर ध्वनी यथास्थित चालत होता. दोष निराळाच होता. चार बोर्डांमधील सारा फरक दोन-चार तारांचा. परंतु पाचवा बोर्ड तयार होताच त्याच्या तारांसाठी ड्रायव्हरचा मजकूर बदलणे, कर्नेल पुन्हा संकलित करणे आणि तो बदल मुख्य कर्नेलमध्ये स्वीकारला जाईपर्यंत थांबणे, हे सर्व ओघाने आले. जो कर्नेल त्या बोर्डाच्या जन्मापूर्वी तयार झाला, त्याला त्या बोर्डावर ध्वनी काढता येणे शक्यच नव्हते, मग त्यातील प्रत्येक चिपेचा ड्रायव्हर कितीही निर्दोष असो.

ही स्थिती केवळ ध्वनीपुरती नव्हती. आर्म जातीच्या यंत्रांसाठी प्रत्येक बोर्डाची एक वेगळी सी-संचिका ठेवण्याची प्रथा होती, आणि बोर्डांबरोबर संचिकांचीही संख्या वाढत चालली होती. २०११ च्या मार्च महिन्यात लायनस टॉरव्हाल्ड्स यांनी या वाढीविषयी तीव्र नापसंती व्यक्त केली, व त्यानंतर आर्म यंत्रांचे वर्णन उपकरणवृक्षात नेण्याच्या कार्याला वेग आला.

५. उपकरणवृक्ष व त्याचे तत्त्व

उपकरणवृक्षाची कल्पना या प्रसंगासाठी नव्याने निर्माण झालेली नाही. तिचे मूळ सन कंपनीच्या यंत्रांवरील ओपनबूट या प्रारंभिक आज्ञासंचात असून, १९९४ साली आयईईई-१२७५ या मानकाने तिला 'ओपन फर्मवेअर' या नावाने प्रमाणरूप मिळाले. पुढे पॉवरपीसी यंत्रांसाठी तिचे सपाट स्वरूप वापरात आले. २००८ साली त्यासाठी 'ईपीएपीआर' हे मानक प्रसिद्ध झाले, आणि २०१६ पासून 'डिव्हाइसट्री स्पेसिफिकेशन' या नावाने त्याचा स्वतंत्र विस्तार होत आहे.

या इतिहासावरून एक तत्त्व ध्यानात येते. उपकरणवृक्ष हा लिनक्सची मालमत्ता नव्हे. तो यंत्राचे वर्णन करतो, कर्नेलला आज्ञा देत नाही. तोच वृक्ष यू-बूटसारखा बूटलोडर वाचतो. फ्रीबीएसडीसारखी दुसरी कार्यप्रणालीही वाचते. म्हणून वृक्षात लिहिलेले विधान कार्यप्रणाली बदलली तरी सत्य राहावे, अशी अपेक्षा असते.

टेग्राच्या वरील ड्रायव्हराला २०११-१२ च्या सुमारास उपकरणवृक्ष वाचण्याची क्षमता देण्यात आली. हार्मनीच्या वृक्षात ध्वनीसाठी एक पर्व आहे आणि त्यात मार्गांचा एक गुणधर्म आहे. त्याचे मूल्य म्हणजे नावांची एक ओळ असून ती नावे जोडीजोडीने वाचावयाची असतात. प्रत्येक जोडीत पहिले नाव संकेत जेथे पोहोचतो त्या स्थानाचे, व दुसरे तो जेथून निघतो त्या स्थानाचे असते. 'हेडफोनची खोबण, एचपीआउटआर' ही जोडी सांगते की कोडेकच्या एचपीआउटआर या पिनेवरून निघालेला संकेत हेडफोनच्या खोबणीत पोहोचतो. 'आयएन१एल, मायक्रोफोनची खोबण' ही जोडी सांगते की मायक्रोफोनच्या खोबणीतून आलेला संकेत आयएन१एल या पिनेत शिरतो. प्रवाहाची दिशा डावीकडून उजवीकडे वाचण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना हा क्रम उलटा वाटतो. नवशिक्यांच्या पुष्कळशा चुका येथेच होतात. नावांची एकूण संख्या विषम निघाली तर कर्नेल तो तक्ता स्वीकारत नाही.

या स्थित्यंतराने ड्रायव्हरातील चार तक्ते व त्यांची निवड करणारी पृच्छा अनावश्यक झाली, आणि पुढे ती काढून टाकण्यात आली. आता मायक्रोफोनची तार दुसऱ्या पिनेला नेणारा नवा बोर्ड कोणी तयार केला, तर त्याला वृक्षातील एक नाव बदलावे लागते. कर्नेलच्या एकाही ओळीला हात लावावा लागत नाही. ज्याला बोर्डाचे रेखाचित्र वाचता येते, परंतु ड्रायव्हर लिहिता येत नाही, त्यालाही ही दुरुस्ती करता येते. वर ज्या निःशब्द चुकीचा उल्लेख केला, तिच्या दृष्टीने हा लाभ लहान नव्हे.

६. आक्षेप व त्यांचा विचार

येथवरच्या विवेचनावरून उपकरणवृक्षाचा पक्ष निर्विवाद आहे असे वाटण्याचा संभव आहे. परंतु त्याविरुद्धचे आक्षेप दुर्लक्षणीय नाहीत.

पहिला आक्षेप नावांचा. मार्गांच्या तक्त्यातील कोडेकच्या बाजूची नावे ही अखेर ड्रायव्हरातील बिंदूंची नावे असतात. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने पुढे कधी एखाद्या बिंदूचे नाव बदलले, तर जुन्या वृक्षातील नाव निराधार होते. याहून सूक्ष्म अडचण मायक्रोफोनला लागणाऱ्या पोषक दाबाची आहे. डीएपीएममध्ये हा दाब पुरविणारा भाग पूर्वी संकेताच्या वाटेवरील एक बिंदू मानला जात असे. म्हणजे मायक्रोफोनपासून पोषकाकडे व पोषकाकडून कोडेकच्या पिनेकडे, असा मार्ग लिहावा लागे. पुढे ती रीत त्याज्य ठरून पोषक हा केवळ पुरवठा मानला जाऊ लागला. आता पोषकाकडून मायक्रोफोनकडे, व मायक्रोफोनकडून थेट पिनेकडे, असे लिहिले जाते. बोर्डावरील तार दोन्ही वेळी तीच होती. बदलली ती लिनक्सची तिच्याकडे पाहण्याची दृष्टी. जे वर्णन केवळ वस्तुस्थितीचे असावयास हवे, त्यात अशा रीतीने ड्रायव्हरच्या अंतर्रचनेची छाया पडते.

यावर उपाय आहे, पण तो शिस्तीचा आहे. तक्त्यातील नावे ड्रायव्हरच्या पोटातील बिंदूंची नसावीत. ती चिपेच्या माहितीपत्रकात छापलेल्या पिनांची असावीत. टेग्राच्या या ड्रायव्हरचा बंधनलेख, म्हणजे वृक्षात काय लिहावे याचे नियम सांगणारा लेख, नेमके हेच सांगतो : नावे कोडेकच्या पिनांची वा बोर्डावरील खोबणींची व स्पीकर-मायक्रोफोनांची असावीत, अन्य नसावीत. वुल्फसन ही एडिंबरोची कंपनी २०१४ साली सिरस लॉजिकने विकत घेतली. परंतु डब्ल्यूएम-८९०३ च्या पिनांची नावे त्यामुळे बदलली नाहीत. छापील माहितीपत्रक हे ड्रायव्हरहून अधिक स्थिर असते, आणि दीर्घकाळ टिकावयाची नोंद स्थिर आधारावरच उभी करावी लागते.

दुसरा आक्षेप या दीर्घकाळाचाच आहे. कर्नेलमधील चुकीचा तक्ता पुढच्या आवृत्तीत सुधारता येतो. वृक्ष मात्र अनेकदा यंत्राच्या बूटलोडरबरोबर साठविलेला असतो व कर्नेल बदलला तरी तो बदलला जात नाही. म्हणून जुना वृक्ष नव्या कर्नेलवरही चालला पाहिजे, असा दंडक मानला जातो. याचा अर्थ असा की, वृक्षात एकदा लिहिलेला गुणधर्म हा एक प्रकारचा करार होतो. घाईने ठरविलेले नाव किंवा अर्धवट विचाराने केलेली रचना पुढील कर्नेलांना वाहत न्यावी लागते. ड्रायव्हरात लिहिण्याचा मोह होतो तो यामुळेच, आणि रचना अद्याप अस्थिर असताना तो सर्वथा अयोग्य म्हणता येणार नाही.

तिसरा आक्षेप तात्त्विक आहे. वृक्षातील प्रत्येक पर्व एखाद्या खऱ्या उपकरणाचे असावे, हा नियम. परंतु वर सांगितलेले ध्वनीचे पर्व कोणत्या चिपेचे? बोर्डावर 'ध्वनिपत्र' म्हणून वेगळी वस्तू नसते. असते ती मुख्य चिप, कोडेक व त्यांच्यामधील तारा. हे पर्व म्हणजे लिनक्सच्या मशीन ड्रायव्हरचेच वृक्षात पडलेले प्रतिबिंब होय, हा आरोप खोटा नाही. त्याला उत्तर इतकेच देता येते की, तारांचा समुच्चय हीदेखील बोर्डावरील एक खरी वस्तू आहे व तिच्या वर्णनाला कोठे तरी जागा हवी.

७. जे वृक्षात मावत नाही

आता उलट बाजूचा विचार करू. बोर्डाविषयीचे सर्वच ज्ञान वृक्षात नेता येईल काय? टेग्राच्याच ड्रायव्हरवरून या प्रश्नाचे उत्तर मिळते.

कोडेकला एक मूळ घड्याळ-संकेत लागतो, व त्याची वारंवारता नमुन्यांच्या गतीवर अवलंबून असते. ४८,००० च्या कुळातील गतींसाठी टेग्रा-२० वरील ध्वनि-घड्याळ सेकंदाला ७,३७,२८,००० आवर्तनांवर, तर ४४,१०० च्या कुळातील गतींसाठी ५,६४,४८,००० आवर्तनांवर लावावे लागते. कोडेकला द्यावयाचा संकेत सामान्यतः नमुना-गतीच्या २५६ पट घेतला जातो. ६४,०००, ८८,२०० व ९६,००० या गतींना तो १२८ पट घेतला जातो. आणि येणारे मूल्य ६०,००,००० हून कमी असल्यास ते तेवढे होईपर्यंत दुप्पट करीत जावे लागते. उदाहरणार्थ, ८,००० या गतीसाठी २५६ पटीने २०,४८,००० येतात. ते एकदा दुप्पट केल्यास ४०,९६,००० व दुसऱ्यांदा केल्यास ८१,९२,००० होतात, आणि तेथे थांबावयाचे.

ही नोंद नव्हे. ही कृती आहे. तिच्यात अटी आहेत, पुनरावृत्ती आहे, आणि ध्वनी चालू करण्याच्या क्षणी कळणाऱ्या गतीवर ती अवलंबून आहे. ती वृक्षात लिहावयाची म्हटली तर वृक्षाला भाषा द्यावी लागेल, आणि मग तो वृक्ष न राहता दुसरा ड्रायव्हर होईल. 'घड्याळ नमुना-गतीच्या २५६ पट' असा एक अंक लिहिण्याची सोय सर्वसाधारण बंधनलेखांत आहे. साध्या बोर्डांना ती पुरते, परंतु वरील प्रकारच्या बोर्डांना पुरत नाही.

स्पीकरच्या बाह्य प्रवर्धकाचे उदाहरणही बोधप्रद आहे. तो कोणत्या पिनेने चालू होतो हे हार्मनीच्या वृक्षात लिहिलेले आहे. परंतु तो केव्हा चालू करावयाचा, म्हणजे डीएपीएमने स्पीकरला वीज देण्याचे ठरविले त्या क्षणी, हे ड्रायव्हरात लिहिलेले आहे. एकाच प्रवर्धकाविषयीच्या ज्ञानाचे हे दोन भाग. 'कोणती तार' हा वस्तुस्थितीचा भाग वृक्षात गेला, आणि 'केव्हा' हा वर्तनाचा भाग ड्रायव्हरात राहिला. विभागणी कशी असावी, याचा हा नमुनाच म्हटला पाहिजे.

८. वृक्षाविना काय होते

उपकरणवृक्ष नसेल तर काय घडते, याचा प्रत्यक्ष पुरावा इंटेलच्या यंत्रांत सापडतो. बे ट्रेल या २०१३ च्या चिपेवर आधारलेल्या टॅब्लेटांपैकी पुष्कळांत रिअलटेकचा आरटी-५६४० हा कोडेक आहे. ही यंत्रे उपकरणवृक्ष न वापरता एसीपीआय ही व्यवस्था वापरतात. आणि मायक्रोफोन कोडेकच्या कोणत्या पिनेला जोडला आहे, स्पीकर एक आहे की दोन, हे लिनक्सला उमगेल अशा रीतीने तिच्यात नोंदविलेले नसते.

म्हणून या यंत्रांच्या मशीन ड्रायव्हरात एक लांबलचक यादी ठेवावी लागली आहे. निर्मात्याचे नाव व यंत्राचे नाव पाहून, या यंत्रात आतील मायक्रोफोन आयएन१ वर आहे, त्या यंत्रात आयएन३ वर आहे, तिसऱ्यात तो अंकीय आहे, चौथ्यात स्पीकर एकच आहे, अशा नोंदी त्या यादीत केलेल्या आहेत. ज्यांचे यंत्र यादीत नाही त्यांच्यासाठी सर्वसाधारण अंदाज लावला जातो; तो चुकला तर वापरणाऱ्याने कर्नेलला एक अंक देऊन निरनिराळे मार्ग स्वतः पडताळून पाहावे लागतात.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. ही यादी ड्रायव्हर लिहिणाऱ्यांच्या आळसाचे फळ नव्हे. बोर्ड रेखाटणाऱ्याला जे ठाऊक होते ते त्याने यंत्राबरोबर लिहून दिले नाही. म्हणून ज्यांनी तो बोर्ड रेखाटला नाही त्यांना ते एकेका यंत्रावर शोधून काढावे लागले. हार्मनीच्या ड्रायव्हरातील चार तक्ते आणि ही यादी यांची जात एकच. फरक एवढाच की, पहिल्या ठिकाणी तक्ते हलविण्यास जागा मिळाली, दुसऱ्या ठिकाणी मिळाली नाही.

९. सर्वसाधारण ड्रायव्हरांचा मार्ग

मार्ग वृक्षात गेल्यावर साहजिकच पुढचा प्रश्न उपस्थित झाला : बोर्डाचे वर्णन वृक्षातच असेल, तर प्रत्येक बोर्डासाठी निराळा मशीन ड्रायव्हर तरी कशासाठी? २०१४ पासून उपकरणवृक्षाद्वारे वापरता येणारा 'सिंपल ऑडिओ कार्ड' हा सर्वसाधारण ड्रायव्हर या प्रश्नाचे उत्तर होय. त्याला दोन चिपांची जोडणी, तारेवरील संख्यांची मांडणी, घड्याळ कोणी पुरवावयाचे याचा निर्देश, बोर्डावरील खोबणी व मार्ग, इतके सांगितले की साध्या बोर्डासाठी सी भाषेतील एकही ओळ लिहावी लागत नाही.

२०१७ साली त्याच्या जोडीला 'ऑडिओ ग्राफ कार्ड' आला. त्यात चिपांमधील अंकीय जोडणी त्या त्या चिपेच्या पर्वातच पोर्ट व टोके यांच्या रूपाने लिहिली जाते; चित्रग्राहक व पडदा यांच्या वर्णनात ही पद्धत आधीपासून रूढ होती. वर उल्लेखिलेल्या तिसऱ्या आक्षेपाचे यामुळे अंशतः निरसन होते, कारण जोडणी आता खऱ्या उपकरणांच्या पर्वांत आली. तथापि पिनेपासून स्पीकरपर्यंतचे मार्ग तेथेही नावांच्या जोड्यांनीच लिहिले जातात. ज्या बोर्डांचे वर्तन गुंतागुंतीचे आहे, त्यांचे स्वतंत्र मशीन ड्रायव्हरही कायम आहेत, आणि ते असणे हा दोष मानण्याचे कारण नाही.

१०. निर्णयाची कसोटी

या सर्व विवेचनातून व्यवहारोपयोगी अशी कसोटी काढता येते. ध्वनिव्यवस्थेविषयीचे कोणतेही विधान हाती आले म्हणजे त्याला क्रमाने चार प्रश्न विचारावेत.

हाच कोडेक दुसऱ्या बोर्डावर बसविला तर हे विधान तसेच सत्य राहील काय? राहत असल्यास ते कोडेकच्या ड्रायव्हरचे. ते केवळ याच बोर्डापुरते सत्य आहे, आणि यावर लिनक्सऐवजी दुसरी कार्यप्रणाली चालविली तरी सत्य राहील काय? राहत असल्यास ते उपकरणवृक्षाचे. त्यात काही मोजावे लागते, क्रम पाळावा लागतो, वा एखाद्या घटनेची वाट पाहावी लागते काय? तसे असल्यास ते मशीन ड्रायव्हरचे. वापरणाऱ्याच्या आजच्या इच्छेप्रमाणे ते बदलते काय? तसे असल्यास ते कर्नेलच्या बाहेरचे.

या कसोटीने बोर्डावरील ध्वनिमार्ग दुसऱ्या वर्गात पडतात, म्हणजेच त्यांची योग्य जागा उपकरणवृक्षात आहे, असे माझे मत आहे. मात्र त्यासाठी दोन पथ्ये पाळली पाहिजेत. नावे माहितीपत्रकातील पिनांची व बोर्डावरील खोबणींची असावीत. आणि 'हेडफोन आरंभी बंद असावा', 'मुद्रण आतील मायक्रोफोनने व्हावे' यांसारख्या निवडी वर्णनाच्या मिषाने वृक्षात शिरू देऊ नयेत. हार्मनीवर मायक्रोफोन आयएन१एल ला जोडलेला आहे, हे विधान तो बोर्ड अस्तित्वात असेपर्यंत सत्य आहे. तो मायक्रोफोन वापरावा, हे विधान कोणाच्या तरी एका दिवसाच्या गरजेचे आहे.

पदव्युत्तर वर्गातील जे विद्यार्थी आपल्या प्रकल्पासाठी स्वतः बोर्ड रेखाटतील, त्यांना शेवटी एकच सूचना करावीशी वाटते. बोर्डाचे रेखाचित्र ज्या दिवशी पूर्ण होईल, त्याच दिवशी त्यावरील ध्वनिमार्गांच्या जोड्या वृक्षात लिहून काढाव्यात. त्या वेळी ते काम अर्ध्या तासाचे असते. तोच बोर्ड काही वर्षांनी दुसऱ्याच्या हाती गेला व रेखाचित्र गहाळ झाले, म्हणजे तेच ज्ञान मिळविण्यासाठी त्याला एकेक पिन तपासत बसावे लागते. आणि तोपर्यंत त्याच्या यंत्रातून उमटते ती केवळ शांतता.